डाव्या हाताची जागा

भंडारा
दि. १० एप्रिल २०२०

प्रिय सौ. भावना हीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्रास कारण की, फोनवर बोलणे होत नाही. घरी फोन वाजला की माय तो स्पीकरवर टाकून ओसरीत ठेवते. मी डायलिसिसचे सांगू लागलो की शेजारच्या ललिताबाई मधूनच माझे पाय सुजले का ते विचारतात. इकडे खोलीत माझ्या उशाशी लाखनीचे तेजरामजी. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, पण कान शाबूत आहेत. म्हणून कागद घेतला. आपल्या आंधळगावचा इश्वर दुधाची गाडी घेऊन रोज सकाळी येतो, त्याच्याजवळ पास आहे. दवाखान्याच्या चौकात तो थांबतो. त्याच्या हाती पत्र येईल-जाईल.

येथील क्षेम. बस बंद झाल्यावर दर सोमवारी आणि गुरुवारी गावाहून येणे शक्य नव्हते, तेव्हा तेजरामजींसोबत ही खोली घेतली ते ठीकच झाले. अंकुश टेक्निशियन आता डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात असतो, आवाजावरून ओळखावा लागतो. गेल्या सोमवारी त्याने पहिल्यांदा नव्या हातात सुया टोचल्या. जानेवारीत डाव्या हाताची जोडलेली नस बंद पडली, तेव्हापासून मानेतल्या नळीवर चालले होते. जानेवारीच्या शेवटी नागपूरला उजव्या हाताच्या नसा जोडल्या, तो हात आता तयार झाला. त्यात रक्त नीट वाहते. कानाशी धरला की घूं घूं वाजतो.

तू घरोघरी तापाच्या सर्व्हेला फिरतेस, तेव्हा स्वतःला जप. माझी चिंता करू नये. वेगळे राहण्याची सवय मला जानेवारीपासून आहेच, तू आपली बाज बाहेरच्या खोलीत नेलीस तेव्हापासून.

चि. खुशबूस आशीर्वाद. मायला सा. जयभीम. लोभ आहेच, तो आहे तितका राहू द्यावा.

तुझा,
जीवन


आंधळगाव
१३ एप्रिल २०२०

खुशबूच्या बाबाले,
सप्रेम जयभीम.

अवो, पत्र लिहिलं का तहसीलची नोटीस पाठवली? येथील क्षेम म्हणे! चवदा वर्षांत मह्याशी असं बोलले नाही अन् कागद हाती आला तं एकदम हेडमास्तर झाले. मी तं आपली बोलते तशीच लिहिन. शुद्धलेखनाचे मार्क कापून घ्या.

तुमचं पत्र मले सकाळी नाही, संध्याकाळी भेटलं. मायचा नियम हाय, बाहेरून आलेली चीज दिवसभर उन्हात. कांदे उन्हात, गॅसचं सिलिंडर उन्हात, तसं तुमचं पत्रही चिमटा लावून दोरीवर, माह्या दोन साड्यांच्या मधात. आल्या-गेल्यानं पाहिलं. मायले वाचता येत नाही हे माहं नशीब, पण पोट्टीले येते ना! म्हून यापुढं पाकीट भाताच्या शितानं गच्च चिकटवा.

सर्व्हे जोरात चालू हाय. दिवसाची पन्नास घरं. ताप हाय का, खोकला हाय का, पुण्या-मुंबईहून कोणी आलं का. लोक दारातूनच नाही म्हणते अन् मागच्या दारानं पाहुणा पसार होते. आशाताई दिसली की पहिले हसून चहा विचारत, आता कडी लावून घेते. उद्या जयंती, पण यंदा मिरवणूक नाही. घरीच मेणबत्ती लावू, खीर करू. खुशबूनं तुमचा निळा शर्ट इस्तरी करून खुंटीले लटकवला, बाबा नाही तं शर्ट तरी असू दे म्हणते.

उजवा हात वाजून राहिला हे वाचून जीव थंड झाला. पण रोज सकाळी कान लावून ऐकता का? त्याच हातानं तोच कान जमत नसन तं तेजरामजीले ऐकायले लावा. लाजू नका. हात वाजला का हे एक वाक्य मले रोज फोनवर पायजे, ललिताबाईनं ऐकलं तरी चालन.

अन् बाजेचं जे लिहिलं ते वाचलं. त्याचं कारण हाय. ते कागदावर नाही सांगत, भेटल्यावर सांगन. तवर डोक्यात काही भलतं भरवून घेऊ नका.

पाणी मोजून प्या. आठवण ठेवा, अन् पुढचं पत्र माणसासारखं लिहा.

तुमची,
भावना


भंडारा
दि. २४ एप्रिल २०२०

प्रिय भावना,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तीनदा लिहून फाडले. आज तेजरामजी मशीनवर आहेत, खोलीत मी एकटा, म्हणून पूर्ण करतो. शितांनी चिकटवले आहे. एकटीने वाच.

मी माणूस म्हणून संपत आलो आहे असे नाही, पण नवरा म्हणून संपलो आहे. दिवाळीनंतर आपल्यात जे झाले, खरे म्हणजे जे झाले नाही, ते तुला ठाऊक आहे. मी भिंतीकडे तोंड केले आणि तू काही बोलली नाहीस. त्याच्या आधीही दोनदा तसेच झाले होते, तेव्हा मी थकवा म्हणून वेळ मारून नेली. जळालेली मोटार माझ्या दुकानात आली की मी कॉइल हुंगूनच सांगतो, हिच्यात दम उरला की नाही. स्वतःचे कळायला वास घ्यावा लागत नाही. मग जानेवारीत तू बाज हलवलीस. सकाळी माझा हात ऐकायला तू येणे बंद केलेस, खुशबूला पाठवू लागलीस. मी समजलो. मी तुला दोष देत नाही, कुठल्याही बाईला असेच वाटेल.

तुझे वय चौतीस आहे. माझा हिशेब आठवड्यातल्या दोन वारांवर आला. लॉकडाऊन उठले की मी इथेच राहीन. तू माहेरी जा, खुशबूला तिथे चांगली शाळा आहे. पुढे तुला कोणी बरा माणूस मिळाला तर माझी ना नाही, समाजाच्या चार लोकांसमोर तसे लिहून देतो. मायकडे माझा भाऊ पाहील.

खरे सांगायचे तर मलाही आता कंटाळा आला. मशीनवर चार तास छताकडे पाहत पडायचे, उतरलो की अंगात उठायची ताकद नाही, दुसऱ्या दिवशी जरा बरे वाटते, तिसऱ्या दिवशी परत सुजायचे. तिकडे जाता-येता कोरोना होईल तो वेगळा. माणसाने किती दिवस स्वतःला मशीनला बांधून घ्यावे?

याचे उत्तर भांडण करून देऊ नये, ही विनंती.

तुझा शुभचिंतक,
जीवन


आंधळगाव
२६ एप्रिल २०२०

अवो शुभचिंतक,
जयभीम.

भांडण करून नाही तं काय आरती ओवाळून देऊ उत्तर? शुभचिंतक म्हणे! इलेक्शनच्या बॅनरवर असते शुभचिंतक. मायबाई, किती चिडली मी! रागारागात पोळ्या करपवल्या, माय विचारून राहिली की दुधाच्या गाडीनं असं काय नासकं आणलं.

एक सांगा, मी माहेरी जायचं, दुसरा माणूस पाहायचा, हे सगळं तुम्ही ठरवलं. मले विचारलं? लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं परस्पर कोणाले देऊन टाकता मले? मी कुठं जात नाही. हा विषय इथंच बंद.

आता दुसरा विषय, जो तुम्ही लिहिला अन् मी सहा महिने गिळला. आशा म्हून मी गावभर निरोध वाटते. नवऱ्याले काय अडचण हाय ते बायका चुलीपुढं मले सांगते, मी न लाजता त्यांना सिस्टरकडे नेते. सगळ्या गावची मी डॉक्टरीन, अन् आपल्या घरात दाताखाली जीभ! दिवाळीले मी बोलली नाही, कारण मले वाटलं बोलली तं तुमाले अजून लाज वाटन. राग नव्हता आला. किळस तं स्वप्नातही नाही. मले वाईट वाटलं, ते तुम्ही भिंतीकडे वळले याचं.

शनिवारी मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमले विचारलं. आपल्या भागातली एक लाभार्थी हाय, तिचा नवरा डायलिसिसवर हाय, त्याले असं असं होते, म्हून सांगितलं. मॅडमनं लाभार्थीचं नाव नाही विचारलं, खुर्ची सरकवून मले बसवलं. त्या म्हणाल्या, मशीनवरच्या माणसांत अर्ध्याहून जास्त जणांले हे होते, पण सांगत कोणी नाही. रक्त कमी असलं की होते, बीपीच्या काही गोळ्यांनं होते, शरीरात घाण साचली की होते, अन् मनात सतत मरणाचं चालू असलं की तं होतेच होते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय हाय. मर्दानगीशी याचा संबंध नाही. रस्त्यावरच्या तंबूतली पुडी मात्र घ्यायची नाही, उरलीसुरली किडनी जाईन, अन् मनानं कोणती गोळीही गिळायची नाही. किडनीच्या डॉक्टरले सरळ विचारायचं. दुःख मनात मावत नसन तं तेही त्यांनाच सांगायचं, सिव्हिलमध्ये समुपदेशक बाई बसते.

म्हणजे तुमच्या मोटारीचं कॉइल जळलं नाही. व्होल्टेज कमी येऊन राहिलं. एवढं तं तुमाले समजते!

सोमवारी डॉक्टरले विचारा. मशीनचा एकही वार चुकवायचा नाही. बाकी भांडण घरी आल्यावर करू, ते मी राखून ठेवलं हाय.

शुभचिंतक नसलेली,
भावना


भंडारा
३० एप्रिल २०२०

चि. सौ. भावनाबाईस,
जयभीम व आशीर्वाद.

मी तेजराम, जीवनभाऊच्या खोलीतला. तुम्ही मला पाहिले नाही, पण तुमच्या हातची जवसाची चटणी मी खाल्ली आहे, म्हणून नाते लावतो. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत बोलू नये, पण न बोललो तर मला पाणी पचणार नाही. तसेही मोजूनच मिळते.

जीवनभाऊ सोमवारी मशीनवर गेले नाही. मला म्हणाले, वार बदलला. आज गुरुवार, आजही गेले नाही. मी अंकुशला विचारले, तो म्हणाला वार बदललाच नाही, खुर्ची रिकामी गेली. फोन बंद करून ठेवला आहे. पाय सुजले, कालपासून आडवे होता येत नाही, बसूनच राहतात. मी रागावलो तर म्हणाले, कोणासाठी जाऊ. तुमचे पत्र उशीखाली आहे. वाचले, पण पाकिटात परत घालून ठेवले.

माझी बायको सुशीला गेल्याला सहा वर्षे झाली. मला भांडायला कोणी नाही तरी मी जातो. तुम्ही काय ते लवकर करा.

तेजराम, मु. लाखनी


जिल्हा परिषद शाळा, आंधळगाव
१ मे २०२०

जीवन,

आज नावानंच बोलते. माय ऐकायले इथं नाही.

मी येणार होती. स्कुटी काढून अर्ध्या तासात तुमच्या खोलीवर पोचली असती. पण परवा ज्या घरी सर्व्हेले गेली तिथला पुण्याहून आलेला माणूस तापानं भरती झाला, म्हून काल माह्याही नाकातलं सॅम्पल नेलं. रिपोर्ट येईपर्यंत मले शाळेत ठेवलं, पाचवीच्या वर्गात. बाकावर बसून लिहून राहिली. तुमच्याजवळ मी आज आली तं तुमाले मारायलेच आली असं होईन.

बाजेचं कारण भेटल्यावर सांगन म्हणाली होती. आता थांबत नाही.

जानेवारीतला तो सोमवार आठवा. तुम्ही मशीनवरून आले, तसेच आपण मोहाडीले लग्नाले गेलो. घरी आलो तं मी इतकी थकली होती की तुमच्या डाव्या हातावर डोकं ठेवून तशीच झोपली. दिवाळीपासून पहिल्यांदा इतक्या जवळ झोपली. सकाळी रोजच्यासारखा कान लावला, तं हात मुका. घूं घूं नाही, काही नाही. दोन वर्षं ज्या हातानं तुमाले जगवलं, तो मी माह्या डोक्याखाली दाबून बंद केला. फिस्टुलाच्या, म्हणजे नसा जोडलेल्या हातावर वजन टाकायचं नाही, हे मी ट्रेनिंगमध्ये बाकीच्या आशांना शिकवलं हाय वो! मीच शिकवलं अन् मीच केलं. मग तुमच्या मानेत ती नळी घातली, तिकडे मले पाहवत नव्हतं. नागपूरला परत चिरफाड झाली, तेव्हा बाहेर बाकावर बसून मी ठरवलं की या माणसाजवळ आता झोपायचं नाही. आता एकच हात राहिला. तोही मी झोपेत दाबला तं?

म्हून बाज नेली. म्हून खुशबूले पाठवू लागली, माह्या कानाचाही भार मले जास्त वाटे. अन् तुम्ही काय समजले! कंटाळली, किळसली! चार महिने मी माह्यापासून तुमाले वाचवून राहिली, अन् तुम्ही त्याच गोष्टीनं मरायले निघाले. हे माह्यानं सहन होत नाही.

अंकुशशी माहं बोलणं झालं. उद्या शनिवारी सकाळी त्यानं एक मशीन तुमच्यासाठी धरून ठेवली. इश्वरभाऊले सांगितलं की दूध उतरवायच्या आधी तुमाले दवाखान्यात उतरवायचं. तुम्ही हे वाचून होईपर्यंत तो दारात उभा राहीन, हलणार नाही. दूध नासलं तं सगळ्या गावाले समजन कोणामुळं नासलं.

तुम्ही नवरा म्हून संपले का नाही ते मी ठरवन. तुमाले तो अधिकार नाही. चपला घाला अन् उठा.

भावना


भंडारा
दि. ३ मे २०२०

प्रिय भावना,
सप्रेम जयभीम.

गेलो होतो. काल चार तास आणि आज परत तीन तास, इतके पाणी साचले होते. डॉक्टर खूप रागावले. अजून एक वार चुकला असता तर पुढचे बोलायला मी नसतो, असे म्हणाले. आता आडवा होऊन श्वास घेता येतो. काल रात्रभर झोपलो.

इश्वर खरोखर हलला नाही. मी वाचत होतो आणि तो दारात उभा राहून दर दोन मिनिटांनी हॉर्नसारखा खाकरत होता. तेजरामजींनी माझ्या चपला आणून पायाशी ठेवल्या. मी रडत होतो, ते दोघे भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होते.

आता माझे ऐक. हे मी कोणालाच सांगितलेले नाही.

त्या सोमवारी मशीनवरून उतरल्यावर अंकुशने सुयांच्या जागी घट्ट पट्टी बांधली. ती संध्याकाळपर्यंत सोडायची असते, जास्त वेळ राहिली की नस दबते. लग्नात लोकांनी तो फुगलेला हात पाहू नये म्हणून मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आणि आत पट्टी तशीच राहिली. घरी आलो तेव्हा मला आठवले. अगदी स्पष्ट आठवले. पण तोवर तुझे डोके हातावर आले होते आणि तुला झोप लागली होती. हात काढला तर तू उठशील, उठलीस तर कूस बदलशील, म्हणून मी काढला नाही. किती दिवसांनी जवळ झोपली होतीस. मला वाटले, सकाळी सोडू. तू जागी व्हायच्या आधी मी बाहेर जाऊन पट्टी सोडली आणि चुलीत टाकली. मग तू येऊन कान लावलास.

हात मी बंद पाडला, भावना. मला चार महिने माहीत होते. लाजेने बोललो नाही. आणि तू माझा गुन्हा डोक्यावर घेऊन गावभर फिरत होतीस, माझ्यामुळेच. या एका गोष्टीची मला मशीनच्या सुयांपेक्षा जास्त आग होते.

अंकुशला काल सगळे सांगितले. मग त्याने रजिस्टर काढून दाखवले, त्या दिवशी माझा बीपी नव्वदवर आला होता. बीपी पडला की हात असाही बंद पडतो. डोक्याने, पट्टीने की बीपीने, हे आता कोणीच सांगू शकत नाही, असे तो म्हणाला.

तुझ्या त्या लाभार्थीच्या नवऱ्याने डॉक्टरांना तेही विचारले. पडदा ओढून घेतला आणि विचारले. माझे रक्त साडेसातवर आहे. त्याचे इंजेक्शन वाढवले, बीपीची एक गोळी बदलली. घाई करू नका, सहा महिने लागतील, पूर्ण पहिल्यासारखे होईलच असे नाही, पण फरक पडतो, म्हणाले. समुपदेशक बाईंकडे दर गुरुवारी जायचे ठरले. तेजरामजीही येतो म्हणतात. सहा वर्षे झाली, त्यांनाही कोणाशी तरी बोलायचे आहे.

तुझा रिपोर्ट काय आला? आधी ते कळव. मी फोन सुरू केला आहे, स्पीकरवर टाकले तरी चालेल.

तुझा,
जीवन


आंधळगाव
बुद्धपौर्णिमा, ७ मे २०२०

खुशबूच्या बाबाले,
सप्रेम जयभीम.

रिपोर्ट निगेटिव्ह, फोनवर सांगितलंच. पण पट्टीचं फोनवर बोलता नाही आलं, ओसरीत पाच जण बसले होते.

तुमचं पत्र वाचून पहिले मी तुमाले शिव्या दिल्या, पाचवीच्या वर्गात, मोठ्यानं. मग रडली. मग हसू आलं. काय नमुने आहोत आपण दोघं! एका हातासाठी दोघं गुन्हेगार, दोघं मुके, अन् एकमेकांले निर्दोष सोडून बसलो. मोकळं बोललो असतो तं एका चहात संपलं असतं.

माफ केलं का, असं विचारू नका. तुम्ही मले केलं का हे मी विचारलं नाही. हात गेला, माणूस हाय. आता पुढचं पाहू.

तालुक्याच्या ॲम्ब्युलन्ससाठी मी मॅडमकडून लिहून घेतलं. मोहाडीकडचे तीन पेशंट जमले की सोमवारी अन् गुरुवारी गाडी जाईन-येईन. दोन मी शोधले, तिसरे तुम्ही. जूनपासून तुम्ही घरून जायचं. गावच्या समितीचा नियम हाय, बाहेरून आलेल्यानं चवदा दिवस वेगळं राहायचं, तं दुकानाची खोली सारवून ठेवते. तेजरामजीले एकटं सोडवत नसन तं त्यांच्या भाच्याले फोन करा, लाखनीहून त्यांचीही गाडी लावता येते का पाहते. चटणीची बरणी त्यांच्यासाठी देऊन राहिली, तुम्ही खाऊ नका.

आज घरी वंदना झाली. मायनं मेणबत्ती लावली अन् काही मागितलं, काय ते सांगितलं नाही. लोभ वाढवायले आता सुरुवात करा.

तुमची,
भावना


दुकानाची खोली, आंधळगाव
१३ जून २०२०

भावना,
सप्रेम जयभीम.

भिंतीच्या या बाजूनं त्या बाजूले पत्र लिहून राहिलो, पहा काय दिवस आले! तेरा दिवस झाले. तुह्या पावलांचा आवाज येते, मायच्या ओरडण्याचा येते, तू मात्र शटरखालून ताट सरकवून पळून जाते. माय ओट्यावर बसून राखण करते, मले दोन मिनिटं बोलू देत नाही.

तू म्हणाली होती माणसासारखं लिहा, तं लिहितो. आता हेडमास्तरकी संपली. रक्त नऊवर आलं. पायऱ्या चढताना दम लागत नाही. काल तीन मोटारींचं रिवाइंडिंग केलं. बाकीचं विचारशील तं, एकदा सकाळी वाटलं की व्होल्टेज थोडं येऊन राहिलं. थोडंच. उगाच आशा लावत नाही, डॉक्टरनंही लावू नको सांगितलं. समुपदेशक बाई म्हणते, परीक्षा म्हणून जवळ जाऊ नका, जवळ जायचं म्हणून जा. मी त्यांना सांगितलं, हे माह्या बायकोले आधीपासून समजते, मलेच समजत नव्हतं.

उद्या शटर उघडलं की एकच मागतो. बाज आत आण. भीती वाटन, मले माहीत हाय. म्हून मी अंकुशले विचारून आलो. उजव्या हाताले जपायचं, त्याच्यावर वजन नाही, घड्याळ नाही, पिशवी नाही. पण डावा आता बंद पडलेला हात हाय. त्याले जपायचं काही कारण राहिलं नाही. त्याच्यावर काहीही ठेवता येते. मी तीनदा विचारलं, तो तीनदा हो म्हणाला अन् झग्यात हसला.

तं तुही जागा जिथं होती तिथंच हाय, डाव्या बाजूले.

तुहा,
जीवन


आंधळगाव
१३ जून, संध्याकाळ

अहो,
जयभीम.

हे ताटाखाली ठेवते, वरण सांडवू नका.

बाज आत आणायची गरज नाही. दुपारी मायनं ती उचलली अन् गोठ्यात नेऊन कोंबडीच्या खुराड्यापाशी टाकली. मी काहून म्हणून विचारलं तं म्हणाली, पिल्लांले चिखल लागते. मायले खरंच वाचता येत नाही ना? मले आता शंका येऊन राहिली.

खुशबूले सांगितलं की हात ऐकायची तिची ड्युटी उद्यापासून संपली. ती म्हणाली, मले माहीत होतं तू परत मागशीन. सकाळी उजव्या हाताले मी कान लावन, हलकेच.

डाव्या हातावर डोकं ठेवन. पण माही एक अट हाय. सोमवारी तुम्ही मशीनवरून यान, हाताले पट्टी असन, अन् मी थकून झोपली असन. पट्टी सोडायची आठवण झाली तं माह्या झोपेची दया करायची नाही. हात ओढा, हलवा, हाक मारा. कितीही गाढ झोपली असली तरी मले उठवा.

तुमची,
भावना